कडेची खळबळ आणि भाभांची वीस वर्षं

मंडळी, या विकांताला जरा लांबचा विषय घेतलाय. म्हणजे विषय लांबचा, पण त्याची सुरुवात आमच्या उरणच्या अगदी समोरून होते.

मोरा बंदरावर उभं राहून उत्तरेला पाहिलं की आधी घारापुरी दिसते, आणि हवा स्वच्छ असेल तर तिच्या पल्याड ट्रॉम्बेचा डोंगर. (मूळ नाव तुर्भे. पण नवी मुंबईत आणखी एक तुर्भे बसलंय, त्यामुळे गोंधळ नको म्हणून ट्रॉम्बेच म्हणूया.) त्या डोंगराच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, पण त्यावरून जाताना त्या बाजूला पडदे लावलेले आहेत. घारापुरीच्या लाँचमधून मात्र ते घुमट लहानपणापासून दिसत आलेत.

तर हे केंद्र ज्यांच्या नावाचं आहे त्या होमी भाभांनी ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला एक भाकीत केलं होतं. अणुशक्तीच्या शांततामय वापरासाठी संयुक्त राष्ट्रांनी भरवलेली ती पहिली परिषद, आणि तिचे अध्यक्ष भाभा, वय वर्षं ४५. भारतात तेव्हा एकही अणुभट्टी चालू नव्हती. 'अप्सरा' सुरू झाली ती पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९५६ ला. आणि हा माणूस जगभरच्या शास्त्रज्ञांसमोर उभा राहून सांगतो की येत्या दोन दशकांत संलयनाची, म्हणजे फ्यूजनची, ऊर्जा काबूत ठेवून मोकळी करण्याची पद्धत सापडेल, आणि मग इंधनाची चिंता कायमची मिटेल, कारण ते इंधन म्हणजे समुद्राच्या पाण्यातला जड हायड्रोजन. अमेरिका, ब्रिटन आणि रशिया हे तिघेही त्यावेळी फ्यूजनवर गुपचूप काम करत होते आणि त्याबद्दल जाहीर बोलायला कोणी तयार नव्हतं. भाभांनी भर सभेत विषय काढला. मला तर हे धाडस आजही आवडतं.

हिशेब सोपा आहे. १९५५ अधिक २० म्हणजे १९७५. झालं नाही. भाभा स्वतः जानेवारी १९६६ च्या विमान अपघातात गेले, त्यामुळे ती मुदत संपलेली पाहायला ते नव्हतेच. तेव्हापासून तो घासून गुळगुळीत झालेला विनोद चालू आहे, की फ्यूजन नेहमीच वीस वर्षांवर असतं. आमच्या ऑफिसातसुद्धा प्रोजेक्टची डेडलाइन हुकली की कोणीतरी हा विनोद करतोच.

पण विनोद करणारे एक गोष्ट विसरतात. १९५५ साली फ्यूजनचा मुख्य शत्रू कोण आहे हेच कुणाला नीट माहीत नव्हतं. शत्रू म्हणजे तापमान गाठणं नव्हे. शत्रू म्हणजे खळबळ, ज्याला आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये टर्ब्युलन्स म्हणून शिकलो ती. आणि तिला आवर घालणारी गोष्ट सापडली तीसुद्धा अनपेक्षितपणे, १९८२ साली, एका जर्मन यंत्राच्या नोंदींमध्ये. ती का चालते हे कळायला आणखी आठ वर्षं गेली. आजचा लेख त्या आठ वर्षांबद्दल, आणि त्यातल्या एका छोट्याशा भारतीय यंत्राबद्दल.

आधी थोडी पूर्वपीठिका, पटकन. हायड्रोजनचे दोन जड भाऊ, ड्युटेरियम आणि ट्रिशियम, एकमेकांत मिसळून हेलियम व्हायचं तर दहा-पंधरा कोटी अंश तापमान लागतं. एवढ्या तापमानाला अणूचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायूचा प्लाझ्मा होतो. कुठलंही भांडं हे धरून ठेवू शकत नाही, पण प्लाझ्मा विद्युतभारित असल्यामुळे चुंबकीय क्षेत्र धरू शकतं. मेदुवड्याच्या आकाराची पोकळी, तिच्याभोवती वेटोळी, आत गोल गोल फिरणारा प्लाझ्मा. या यंत्राला टोकामॅक म्हणतात. कल्पना रशियाची, साखारोव आणि टॅम यांची, १९५०-५१ ची.

कागदावर हे छान आहे. भारित कण चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत राहतो, सहजासहजी बाहेर पडत नाही. दोन कणांची टक्कर झाली तरच तो एक पायरी बाजूला सरकतो. या हिशेबाने चुंबकीय क्षेत्र दुप्पट केलं की गळती चौथाई व्हायला हवी. पण डेव्हिड बोम यांनी १९४० च्या दशकात चुंबकीय क्षेत्रातल्या विद्युत ज्योतींवरून एक ठोकताळा काढला होता, त्यात क्षेत्र दुप्पट केलं तर गळती फक्त निम्मी होत होती. म्हणजे टकरींपलीकडचं काहीतरी उष्णता बाहेर नेत होतं. पुढची बरीच वर्षं बहुतेक यंत्रं बोमच्याच वाईट हिशेबाने वागली. जानेवारी १९५८ मध्ये ब्रिटनच्या 'झीटा' यंत्राने फ्यूजन साधल्याची घोषणा झाली आणि काही महिन्यांत ती मागे घ्यावी लागली. १९६८ साली रशियाच्या टी-३ टोकामॅकने बोमपेक्षा कितीतरी चांगले आकडे दाखवले तेव्हा पश्चिमेकडे कुणाचा विश्वास बसेना. शेवटी १९६९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांचं पथक आपला लेझर घेऊन मॉस्कोला गेलं आणि त्यांनीच मोजून सांगितलं की आकडे खरे आहेत. ऐन शीतयुद्धात! यावर एक वेगळा लेख होईल.

पण टी-३ ने बोमला हरवलं म्हणजे खळबळ गेली असं नव्हे. ती कमी झाली, इतकंच.

आता ही खळबळ म्हणजे नेमकं काय? चहात वरून हळूच दूध सोडलं आणि ढवळलं नाही, तर ते मिसळायला बराच वेळ लागतो. चमचा फिरवला की दोन सेकंद पुरतात. रेणू तेच, कप तोच, फरक फक्त भोवऱ्यांचा. टोकामॅकमध्ये चमचा बाहेरून कुणी घालत नाही, प्लाझ्मा स्वतःच स्वतःला ढवळतो. मध्यभागी कोट्यवधी अंश, आणि हाताच्या अंतरावर धातूची भिंत. तापमानाचा आणि दाबाचा हा जो उतार आहे त्यावरच भोवरे पोसले जातात. मिलिमीटर-सेंटिमीटरच्या मापाचे लाखो भोवरे, प्रत्येक जण आतला गरम प्लाझ्मा थोडा बाहेर आणतो आणि बाहेरचा थंड आत नेतो. कडेला, जिथे प्लाझ्मा संपतो तिथे, हे सगळ्यात जोरात चालतं.

१९८० च्या आसपास आणखी एक निराशा आली. प्लाझ्मा आणखी तापवायला बाहेरून वेगवान अणूंचे झोत सोडायला सुरुवात झाली. अपेक्षा अशी की जास्त ऊर्जा घातली की जास्त तापेल. तापायचं, पण जितकी ऊर्जा घालाल तितकी ती जास्त वेगाने गळायची. टाकीला नळ मोठा लावला तर तळाचं भोकही आपोआप मोठं व्हावं, तसं. हा कल तसाच पुढे ओढला तर वीज देणारं यंत्र इतकं अवाढव्य व्हायचं की कोणी बांधलं नसतं. फ्यूजनचं दुकान बंद व्हायची वेळ खरं तर तेव्हा आली होती.

आणि मग म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये, मॅक्स प्लांक संस्थेच्या 'ॲस्डेक्स' या टोकामॅकवर, १९८२ च्या सुरुवातीला फ्रिट्झ वाग्नर यांच्या पाहण्यात एक विचित्र गोष्ट आली. झोतांची ताकद एका मर्यादेपलीकडे नेली की मधेच, क्षणार्धात, प्लाझ्मा बदलायचा. कडेने बाहेर पडणाऱ्या कणांमुळे जो प्रकाश दिसतो तो एकदम मंद व्हायचा, आतली घनता चढायला लागायची, साठलेली ऊर्जा वाढायची. जणू कुणी भोक बुजवलं. कुणीही काही बुजवलेलं नव्हतं. त्याच यंत्रात, त्याच वायूत, बटणं जवळजवळ तीच असताना प्लाझ्माच्या दोन वेगळ्या अवस्था मिळत होत्या. आधीचीला पुढे एल-मोड म्हटलं गेलं आणि नवीला एच-मोड. एल म्हणजे लो, एच म्हणजे हाय. शास्त्रज्ञ नावं ठेवण्यात आमच्या प्रोग्रामर मंडळींइतकेच आळशी असतात :-)

इथे थोडं थांबतो, कारण मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. आलेखात मधेच उडी दिसली की पहिला विचार येतो तो सेन्सर बिघडल्याचा. माझ्या कामात असं झालं तर मी नव्वद टक्के वेळा तेच म्हणेन आणि सर्व्हिस रीस्टार्ट करेन. वाग्नर यांनी ती उडी बाजूला टाकली नाही. ती कधी येते आणि कधी येत नाही हे चिकाटीने शोधलं. १९८२ च्या शोधनिबंधात अटी स्पष्ट दिल्यात. झोतांची शक्ती किमान १.९ मेगावॅट, घनता ठराविक मर्यादेच्या वर, आणि प्लाझ्माची कड धातूच्या पट्टीला टेकलेली नसली पाहिजे. ॲस्डेक्समध्ये डायव्हर्टर होता, म्हणजे कडेच्या चुंबकीय रेषा वळवून एका वेगळ्या कप्प्यात नेल्या होत्या, त्यामुळे कड मोकळी होती. धातूची पट्टी टेकवली की जादू गायब.

ही शेवटची अट महत्त्वाची, कारण तिच्यावरूनच कळत होतं की भानगड मध्यभागी नाही, कडेला आहे. तपासल्यावर दिसलं की शेवटच्या दोन-चार सेंटिमीटरमध्ये तापमान आणि घनतेचा उतार एकदम उभा होतो, म्हणजे तिथे एक अदृश्य भिंत तयार होते. बाकीचा प्लाझ्मा मग त्या भिंतीवर, चौथऱ्यावर बसल्यासारखा उंच जातो. ऊर्जा धरून ठेवण्याचा काळ साधारण दुप्पट. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या परिषदेत हे मांडलं गेलं तेव्हा लोकांनी शंका घेतल्या, ते साहजिकच होतं. मग प्रिन्स्टनच्या यंत्राने तेच दाखवलं, पुढे १९८६ पर्यंत इंग्लंडमधल्या 'जेट'नेही, आणि शंका मिटल्या.

पण का होतं हे? भिंत कसली?

सहा वर्षं समाधानकारक उत्तर नव्हतं. १९८८ साली जपानमधल्या सानाए इतोह आणि किमिताका इतोह या पती-पत्नींनी एक धागा पकडला. त्यांचं म्हणणं असं की कडेला प्लाझ्मातून कण बाहेर पडताना आत-बाहेर असं विद्युत क्षेत्र तयार होतं आणि ते क्षेत्र अचानक एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत उडी मारू शकतं. पाठोपाठ अमेरिकेत शेंग आणि क्रूम यांनीही कडेच्या प्रवाहाच्या अशाच उडीचं गणित मांडलं. १९९० मध्ये सॅन दिएगोच्या 'डीथ्री-डी' यंत्रावर ग्रोबनर, बरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडेच्या अणूंच्या प्रकाशाचा रंग किती सरकतो ते मोजून दाखवलं, की एच-मोडमध्ये शिरताना कडेचा प्लाझ्मा खरोखर वेगाने फिरू लागतो आणि तिथलं विद्युत क्षेत्र खोल जातं.

इथे एक छोटा खुलासा. चुंबकीय क्षेत्र आणि त्याला काटकोनात विद्युत क्षेत्र असेल तर प्लाझ्मातले सगळे कण दोघांनाही काटकोनात असलेल्या दिशेने सरकतात, आणि सगळे एकाच वेगाने. भार धन असो की ऋण, कण हलका असो की जड, फरक पडत नाही. म्हणजे विद्युत क्षेत्र जागोजागी वेगळं असेल तर प्रवाहाचा वेगही जागोजागी वेगळा. शेजारी-शेजारी वाहणाऱ्या थरांच्या वेगात असा फरक असला की त्याला शिअर म्हणतात.

आणि मग जानेवारी १९९० मध्ये बिगलरी, डायमंड आणि टेरी यांचा निबंध आला. अवघी चार पानं. कडेच्या खळबळीवर शिअर असलेल्या प्रवाहाचा परिणाम काय होतो, एवढाच प्रश्न, आणि उत्तर असं की शिअर पुरेसा जोरदार असेल तर तो भोवरे फाडतो.

हे समजायला खाडीवर या. ओहोटी लागली की करंजा खाडीत मधल्या धारेला ओढ असते आणि काठाच्या चिखलाजवळ पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. धार आणि काठ यांच्या मधे तेलाचा गोल तवंग आला तर तो गोल राहत नाही. त्याची धारेकडची बाजू पुढे पळते, काठाकडची मागे राहते, तवंग तिरका होतो, लांबतो, शेवटी त्याची नुसती रेघ उरते. किंवा याहून सोपं म्हणजे चौघं मित्र हातात हात घालून गर्दीच्या पुलावर आडवे उभे आहेत अशी कल्पना करा. डावीकडची रांग पळतेय, मधली चालतेय, उजवीकडची रखडलीय. दहा सेकंदांत हात सुटणार. आता भोवऱ्याचं काम होतं आतली उष्णता बाहेर नेणं, म्हणजे आडवं पसरणं. त्याची एक फेरी पूर्ण व्हायच्या आत शिअरने त्याला ताणून तोडलं तर त्याची आडवी पोच कमी होते आणि उष्णता थोड्याच अंतरावर टाकून तो संपतो. निबंधातली अट हीच आहे. शिअरचा दर भोवऱ्याच्या स्वतःच्या जगण्या-मरण्याच्या दरापेक्षा मोठा हवा. प्रवाह कुठल्या दिशेला वाहतो याला महत्त्व नाही. वेग किती आहे यालाही नाही. शेजारच्या थरांत तो किती झपाट्याने बदलतो, तेवढंच बघायचं.

इंजिनियर वाचक इथे हात वर करतील. अहो, शिअरने तर खळबळ वाढते! वारा पाण्यावरून वाहिला की लाटा उठतात त्या वेगांच्या फरकानेच ना? बरोबर आहे, आणि म्हणूनच हा निष्कर्ष सहजासहजी पचणारा नव्हता. फरक असा की टोकामॅकच्या कडेला भोवऱ्यांना खायला घालतो तो दाबाचा उतार. प्रवाहातल्या फरकावर ते जगत नाहीत. शिवाय चुंबकीय रेषांचा पीळ आतून बाहेर बदलत जातो, त्यामुळे प्रवाह स्वतः फुटून लाटा होण्याला आडकाठी येते. आणि भोवरा त्या पट्ट्यात अडकलेला असतो, तोडला जाण्याआधी तिथून पळून जाऊ शकत नाही. समुद्रावर यातलं काहीच नसतं.

सिद्धांत आला, पण आधी कारण की आधी कार्य हा वाद उरतोच. भिंत झाली म्हणून प्रवाह वाढला असंही कुणी म्हणू शकतं. त्याला उत्तर देणारा प्रयोग खरं तर आधीच, १९८९ मध्ये, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात झाला होता. टेलर आणि मंडळींनी आपल्या टोकामॅकच्या कडेत सरळ एक इलेक्ट्रोड खुपसला आणि त्याला व्होल्टेज दिलं. म्हणजे विद्युत क्षेत्र बाहेरून लादलं. प्लाझ्मा कडेला फिरू लागला आणि एच-मोडसारखी भिंत तयार झाली. मोठे झोत नाहीत, काही नाही. युनिट टेस्टिंग म्हणतात ते हेच. संशयित एकच घटक वेगळा काढायचा, हाताने चालू करायचा, आणि काय होतं ते बघायचं.

यानंतरची गंमत म्हणजे हा प्रवाह येतो कुठून, तर बऱ्याच अंशी खळबळीतूनच! हासेगावा आणि वाकातानी यांनी १९८७ मध्ये संगणकावर दाखवलं होतं की छोटे भोवरे आपली ऊर्जा एकत्र करून मोठे पट्ट्यांसारखे प्रवाह उभे करतात. गुरू ग्रहावरचे रंगीत पट्टे आठवा, गणित त्याच घराण्यातलं आहे. या पट्ट्यांना झोनल फ्लो म्हणतात. डायमंड यांनी १९९० च्या दशकात त्याचं रूपक केलं ते ससे आणि कोल्ह्यांचं. खळबळ म्हणजे ससे, प्रवाह म्हणजे कोल्हे. ससे वाढले की कोल्हे पोसतात, कोल्हे वाढले की ससे घटतात, मग कोल्हे उपाशी. एच-मोडच्या उंबरठ्यावर असा चढ-उताराचा खेळ चालतो हे २०१० नंतर स्पेन, जर्मनी आणि अमेरिकेतल्या यंत्रांवर मोजलंही गेलं. १९९८ मध्ये लिन आणि सहकाऱ्यांनी समांतर महासंगणकावर एकच सिम्युलेशन दोनदा चालवलं, एकदा झोनल फ्लो चालू ठेवून आणि एकदा कोडमध्येच बंद करून. बंद केल्यावर लांबलचक भोवरे पसरले आणि गळती वाढली, चालू ठेवल्यावर ते तुकडे तुकडे झाले. ती दोन चित्रं शेजारी ठेवलेली मी पहिल्यांदा पाहिली त्या रात्री जेवण गार झालं होतं. एका फ्लॅगने एवढा फरक!

आता आपल्याकडे वळू. भारतातली गोष्ट गांधीनगरजवळच्या भाट गावातली, साबरमतीच्या काठची. तिथे प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली ती प्रेधिमान काव यांच्या पुढाकाराने. हे गृहस्थ श्रीनगरचे, अठराव्या वर्षी आयआयटी दिल्लीची पीएच.डी. मिळवलेले, नंतर प्रिन्स्टनला नाव कमावून १९८२ मध्ये परत आले. १९८२ म्हणजे ॲस्डेक्सचंच वर्ष. त्यांच्या गटाने देशातच रचना करून टोकामॅक बांधला, 'आदित्य'. १९८९ मध्ये सुरू झाला. वड्याची त्रिज्या पाऊण मीटर, प्लाझ्माची जाडी मध्यापासून कडेपर्यंत पाव मीटर. जगाच्या मानाने चिमुकला. मोठ्या झोतांची ताकद नाही. एच-मोडच्या शर्यतीत उतरायचं कारणच नव्हतं.

पण छोट्या यंत्राचा एक फायदा असतो. कड तुलनेने थंड असते, तिथे धातूचा बारीक प्रोब सरळ आत घालून वितळण्याची भीती न बाळगता मोजता येतं. आदित्यच्या चमूने तेच केलं. झा, काव, मट्टू, राव, सक्सेना आणि सहकारी यांचा १९९२ चा शोधनिबंध सांगतो की टोकामॅकच्या कडेची खळबळ सतत एकसारखी गुरगुरत नसते. ती झटक्या-झटक्याने येते. मधे शांतता, मग एकदम मोठा फटका, पुन्हा शांतता. चढ-उतारांची वाटणी नेहमीच्या घंटेच्या आकाराची नसते, टोकाच्या घटना अपेक्षेपेक्षा जास्त असतात.

माझ्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. सरासरी रिस्पॉन्स टाइम झकास आहे म्हणून मॅनेजर खूश असतो आणि इकडे दर दहा मिनिटांनी एक रिक्वेस्ट तीस सेकंद लटकते. ग्राहक सरासरीला शिव्या घालत नाही, तो त्या तीस सेकंदांना घालतो. टोकामॅकची भिंतही तशीच, तिला झिजवतात ते फटके. पुढे २००० नंतर कडेच्या या तुटक ढगांवर जगभर भरपूर काम झालं. आदित्यचा निबंध त्या वाटेवरच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक आहे, आणि आपल्याकडे तो जवळजवळ कुणाला माहीत नाही. आपण यान सुटलं की टाळ्या वाजवतो. ते ठीकच आहे, पण साबरमतीच्या काठी कुणीतरी प्रोबचा सिग्नल बघून 'हा गोंगाट साधा नाही' म्हणालं, तेही टाळ्यांच्या लायकीचं होतं.

याच आदित्यवर २०१४ मध्ये आणखी एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध झाला. टोकामॅकचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे डिसरप्शन. प्लाझ्मा एकदम कोसळतो, सगळी ऊर्जा क्षणात भिंतीवर. आदित्यच्या चमूने मुद्दाम जादा हायड्रोजन सोडून हे कोसळणं घडवून आणलं, आणि कडेत ठेवलेल्या इलेक्ट्रोडला योग्य वेळी व्होल्टेज देऊन ते टाळूनही दाखवलं. तोच १९८९ चा इलेक्ट्रोड, तोच शिअर असलेला फिरता प्रवाह, फक्त यावेळी तो भोवऱ्यांऐवजी त्यांच्याहून मोठ्या चुंबकीय लाटांना वाढू देत नव्हता. २०१६ मध्ये आदित्यचं नूतनीकरण होऊन 'आदित्य-यू' झालं.

आणि आता फ्रान्समधला 'इटर'. भारत त्यात डिसेंबर २००५ मध्ये सामील झाला. त्याचं बाहेरचं अवाढव्य निर्वात पात्र, सुमारे ३,८५० टन वजनाचं, लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्याला घडवलं. ५० मेगावॅट उष्णता घालून ५०० मेगावॅट फ्यूजनची काढायची, हे उद्दिष्ट. हे आकडे ज्या गृहीतावर उभे आहेत ते म्हणजे इटर एच-मोडमध्ये चालेल. म्हणजे हजारो कोटींचं हे यंत्र ज्या दोन-चार सेंटिमीटरच्या भिंतीच्या भरवशावर आहे, ती १९८२ मध्ये कुणी न मागता सापडलेली. आणि एच-मोडमध्ये शिरायला किती शक्ती लागेल याचं उत्तर आजही मुख्यतः अनेक यंत्रांचे आकडे एका रेषेवर बसवून काढलं जातं. शिअर भोवरे फाडतो हे कळलंय, पण नेमक्या किती मेगावॅटला फाडेल हे निव्वळ सिद्धांतातून खात्रीने सांगता येत नाही. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही, पण इटरची जाहिरात करणाऱ्यांनी हे वाक्य जरा मोठ्या अक्षरात छापावं. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणे प्रयोग २०३४ ला सुरू होतील आणि ड्युटेरियम-ट्रिशियम २०३९ ला. भाभांच्या भाषणानंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी.

उरणकराला ही प्रतीक्षा अंगावर येते, कारण ऊर्जा हा आमच्याकडे पेपरातला विषय नाही. बॉम्बे हायचा वायू इथेच किनाऱ्याला लागतो. बोकडविऱ्याचं वायू विद्युत केंद्र ६७२ मेगावॅट क्षमतेचं, पण वायूच पुरेसा मिळत नाही म्हणून पूर्ण क्षमतेने चालवता येत नाही अशा बातम्या वर्षानुवर्षं वाचतोय. आणि घारापुरी, जी उरण तालुक्यातच येते, जिच्या एका बाजूला हे केंद्र आणि दुसऱ्या बाजूला भाभांचं ट्रॉम्बे, तिथे समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर. समुद्राच्या पाण्यात दर साडेसहा हजारांमागे एक हायड्रोजन जड असतो म्हणतात. घारापुरीच्या भोवती तर सगळं तेच पाणी.

एच-मोडची एक किंमतही आहे, ती सांगायची राहिली. भिंत फार चांगली झाली की तिच्यामागे दाब साठत जातो आणि ती ठराविक वेळाने फुटते, कुकरच्या शिट्टीसारखी. या शिट्ट्यांना ईएलएम म्हणतात. छोट्या यंत्रात त्या चालून जातात, इटरच्या आकाराला त्या डायव्हर्टर खाऊन टाकतील. त्यासाठी चुंबकीय क्षेत्रात मुद्दाम सुरकुत्या पाडणारी वेटोळी लावतात, म्हणजे मेहनतीने मिळालेली भिंत हाताने थोडी गळकी करायची. २००४ पासून डीथ्री-डीवर ते जमू लागलंय. तो किस्सा मोठा आहे, पुढच्या विकांताला सवड मिळाली तर लिहितो.